बत्तिसावी स्लाइड

“सर, हात नका लावू!”

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की काळदाते सरांनी खरंच दोन्ही हात वर केले, पोलीस आल्यासारखे.

“अगं, नुसतं बंद करून चालू करत होतो,” सर म्हणाले. “निम्मे रोग त्यानंच बरे होतात.”

“आणि निम्मे त्यानंच होतात, सर.”

हे मी बोलले. मी! आठ महिन्यांपूर्वी ज्या मुलीनं वर्गात “हजर मॅडम” सोडून काही बोललेलं कुणाला आठवत नव्हतं, ती मी. सर रागावले नाहीत, हसले. खिशातून लॅबची किल्ली काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “घ्या डॉक्टरीणबाई. पेशंट तुमचा.”

पेशंट म्हणजे मशीन नंबर सात. बार्शीतल्या आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बारा मशीनं होती, आणि त्या शुक्रवारी दुपारी त्यातली पाच बिघडली होती. बिघडलीही विचित्र. विभावरी मॅडमचा प्रयोग सुरू केला, की तीस चित्रं एकामागोमाग एक दिसायला हवीत. या पाच मशीनवर एकही चित्र यायचं नाही. नंबर टाकला, बटण दाबलं, की थेट “धन्यवाद!” कार्यक्रम नाही, भाषण नाही, एकदम आभारप्रदर्शन.

विभावरी मॅडम खुर्चीत बसून नखं खात होत्या. त्या आमच्या शाळेच्या नव्हेत. विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच.डी. करायच्या, आणि त्यांचा प्रयोग आम्हा आठवीच्या मुलांवर होता. पहिला भाग जुलैत झाला, दुसरा भाग येत्या सोमवारी व्हायचा होता. वयानं त्या माझ्या मामेबहिणीएवढ्याच, पण डोळ्यांखाली काळं आलेलं.

“केतकी, होईल ना गं?” त्यांनी विचारलं. “सोमवारी नाही झालं तर माझं काही खरं नाही. मुदतवाढ दोनदा घेऊन झालीये. तिसरी मिळणार नाही असं माझ्या गाइड सरांनी स्पष्ट सांगितलंय.”

“होणार म्हणजे काय, झालंच समजा!”

एवढा आत्मविश्वास माझ्यात कुठून आला, ते आधी सांगते.

जुलैमध्ये त्यांनी आम्हाला बारा-बाराच्या गटानं लॅबमध्ये बसवलं होतं. आधी आपला हजेरी क्रमांक टाकायचा. कीबोर्डावर दोन टिकल्या चिकटवल्या होत्या, एक हिरवी, एक लाल. चित्र आधी दिसून गेलं असेल तर हिरवी दाबायची, नसेल तर लाल. कंदील, खलबत्ता, छत्री, घुबड, परत कंदील. तीस चित्रं झाली आणि माझ्या पडद्यावर निळ्या अक्षरांत आलं: ‘अभिनंदन! तुमची स्मरणशक्ती तुमच्या वयाच्या शंभरपैकी ९४ मुलांपेक्षा चांगली आहे.’

मी ते तीनदा वाचलं. मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं तर नाही ना म्हणून. आमच्याकडे हुशार म्हणजे माझा दादा. माझ्याबद्दल विचारलं तर आई म्हणायची, “केतकी पण बरी आहे.” शेंगदाणे बरे आहेत म्हणतात तसं. आणि इथं एक मशीन, ज्याची माझ्याशी ना ओळख ना पाळख, ते सांगत होतं, चौऱ्याण्णव!

घरी गेल्यावर मी करकटकाच्या टोकानं कंपासपेटीच्या झाकणाच्या आत ९४ कोरलं. पुढच्याच आठवड्यात काळदाते सरांनी “प्रिंटर कुणाला जोडता येतो?” विचारलं आणि माझा हात वर गेला. येत नव्हता मला! पण चौऱ्याण्णवला काय अवघड? दोन तासांत जोडला. मग लॅबची किल्लीही अधूनमधून माझ्याकडे राहायला लागली.

तर त्या शुक्रवारी मी मशीन नंबर सातपुढं मांडी ठोकली आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

“किती वेळ गं अजून?”

प्रणोती. प्रणोती सुरवसे. तिचा हजेरी क्रमांक बेचाळीस, माझा एक्केचाळीस. सरवदे आणि सुरवसे, आडनावांनी पहिलीपासून एका बाकावर बसवलेल्या.

“दहा मिनिटं!”

“तुझी दहा मिनिटं म्हणजे पाऊण तास. मी जाते. हे फक्त बघ, शुद्धलेखन चुकलंय का.”

तिनं वहीतून एक कागद काढून दिला. रेघा मारून, समास सोडून, तिच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. ‘विषय: तुकडी बदलून मिळणेबाबत.’ खाली लिहिलं होतं की मला सेमी इंग्रजीचा अभ्यास झेपत नाही, तरी नववीत मला मराठी माध्यमाच्या ‘क’ तुकडीत बसण्याची परवानगी मिळावी ही नम्र विनंती. खाली पालकांची सही. तिच्या पप्पांनी बॉलपेन दाबून दाबून केलेली.

“प्रणू, वेडी का खुळी तू?”

“शुद्धलेखन बघ म्हणलं मी.”

“तुला झेपत नाही? सातवीत बाईंचा खडू फळ्यावरून उचलायच्या आत तुझं उत्तर तयार असायचं!”

“सातवीत.” तिनं कागद परत घेतला. “तेव्हा सोपं होतं. आता कळतंय ना मला, डोक्यात राहतच नाही. वाचते आणि जातं. माणसानं आपली पायरी ओळखून राहावं.”

“हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे?” ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. “उद्या शेवटची तारीख आहे. ऑफिसात साडेदहापर्यंत घेतात. तू करत बस तुझं.”

हेडबाईंचा नियम सगळ्या शाळेला पाठ होता. सेमीतून एकदा बाहेर पडलेला परत आत येत नाही. दहावी होईपर्यंत नाही.

मी म्हणाले, “उद्या सकाळी बोलू. देऊ नको हां लगेच.”

“चौऱ्याण्णव बाईसाहेबांची आज्ञा,” ती म्हणाली आणि सायकलची किल्ली फिरवत गेली. जुलैपासून ती मला असंच चिडवायची. मी ते कौतुक समजायचे. तिचा निकाल मी त्या दिवशी विचारला होता, माझा सांगून झाल्यावर. ती म्हणाली होती, “असाच.” आणि मी पुढं विचारलंच नाही. माझ्या आनंदात मला दुसऱ्याच्या ‘असाच’कडे बघायला वेळ कुठं होता?

असो. मशीन नंबर सात.

मॅडमना फोन आला, त्या व्हरांड्यात गेल्या. काळदाते सर चहाला गेले. मी एकटीच. बिघाड मला पंधरा मिनिटांत सापडला आणि सापडल्यावर स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. प्रयोगाच्या फोल्डरमध्ये एक यादी होती, तेहतीस ओळींची. कुठल्या क्रमांकाला कुठली स्लाइड दाखवायची आणि ती कुठं ठेवली आहे, त्याचा पत्ता. या वेळी मॅडमनी चित्रं पेनड्राइव्हमध्ये आणली होती आणि पत्ता पेनड्राइव्हचाच दिला होता. पण ज्या पाच मशीनना सीडीचा खण आहे, त्यांच्यात पेनड्राइव्हला वेगळं अक्षर मिळतं. म्हणजे पोस्टमन बरोबर गल्लीत गेला, पण घरावर पाटीच दुसरी. चित्र सापडलं नाही.

पण मग ‘सापडलं नाही’ असं मशीन सांगत का नव्हतं? तेही सापडलं. सेटिंगमध्ये एका चौकोनात बरोबरची खूण होती: चित्र न मिळाल्यास न थांबता पुढे जा. मॅडमनीच केलेली. कुठल्याशा शाळेत चाचणी घेताना मशीन मध्येच अडकलं आणि एक मुलगी घाबरून रडली, म्हणून. त्यामुळे मशीन न बोलता एकेक चित्र ओलांडत थेट धन्यवादावर पोचत होतं.

मी चित्रांचं फोल्डर पाचही मशीनमध्ये उतरवलं, पत्ते बदलले. आता चालवून बघायचं. नंबर विचारला, मी टाकला दोन. चित्रांकडे कोण बघतंय? एका हातानं हिरवी टिकली दाबत सुटले, दुसऱ्या हातानं शेंगा खात होते. टक टक टक, तीस. आणि पडद्यावर आलं: ‘तुमच्या वयाच्या शंभरपैकी ७७ मुलांची स्मरणशक्ती तुमच्यापेक्षा चांगली आहे.’

मला हसूच आलं. बरोबर आहे, न बघता दाबल्यावर काय होणार!

मशीन नंबर आठ. नंबर टाकला तीन. पुन्हा तसंच, नुसती हिरवी, शेंगा संपत आलेल्या.

‘अभिनंदन! तुमची स्मरणशक्ती तुमच्या वयाच्या शंभरपैकी ९४ मुलांपेक्षा चांगली आहे.’

माझा हात टिकलीवरच राहिला.

मी चार टाकला. सत्त्याहत्तर. पाच टाकला. चौऱ्याण्णव. सहाला मी एकही चित्र चुकवलं नाही. डोळे फाडून, श्वास रोखून सगळी बरोबर दिली. सत्त्याहत्तर मुलं माझ्या पुढे. सातला सगळी मुद्दाम चुकीची दिली. अभिनंदन.

सम आणि विषम. एवढंच. दुसरी-तिसरीत शिकतो ते.

मी यादी पुन्हा उघडली. तिसाव्या ओळीपर्यंत चित्रं. एकतिसावी ओळ, निकाल. तेहतिसावी, धन्यवाद. आणि मध्ये बत्तिसावी. ती पडद्यावर आलीच नव्हती. एकदाही नाही. तिचा पत्ता बघितला तर तो मॅडमच्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपचा होता. त्यांच्या लॅपटॉपवर ती दिसणार, शाळेच्या एकाही मशीनवर नाही. आणि ती चौकोनातली खूण, न थांबता पुढे जा.

मॅडमचा लॅपटॉप शेजारीच उघडा होता. मी ती स्लाइड उघडली.

‘थांबा! तुम्ही आत्ता पाहिलेला निकाल खरा नाही. तो तुमच्या क्रमांकाप्रमाणे आधीच ठरवलेला होता. तुमच्या उत्तरांशी त्याचा काहीही संबंध नाही. असा निकाल वाचून मनाला काय वाटतं, हे आम्हाला अभ्यासायचं आहे. कृपया हे नीट वाचा. तुमच्यानंतर येणाऱ्या मित्रांना मात्र सांगू नका.’

जुलैतल्या फायली मशीनमध्येच होत्या. तुकडीवार, प्रत्येक क्रमांकाची एक. कुणी कुठलं बटण कधी दाबलं, बरोबर किती, चूक किती, सगळं. मी आमच्या वर्गातली एक्केचाळीसची उघडली. मग बेचाळीसची. दोन्ही शेवटपर्यंत वाचल्या. दोन्हींत खाली तीच ओळ होती. ३२, सापडली नाही, ओलांडली.

बंद केल्या.

“झालं का गं?” मॅडम आत आल्या. “गाइड सर फोनवर इतके…” आणि थांबल्या, कारण त्यांच्या लॅपटॉपवर ती स्लाइड मोठ्या अक्षरात उघडी होती.

“मॅडम, ही जुलैमध्ये कुणालाच दिसली नाही.”

“असं कसं? मी स्वतः शंभरदा तपासलीये.”

“तुमच्या लॅपटॉपवर.”

मी पत्ता दाखवला, मग फायली. त्यांनी दहा, बारा, पंधरा उघडल्या. प्रत्येकीत खाली तीच ओळ. त्या एकदम खाली बसल्या, खुर्ची मागं आहे का ते न बघता. मी खुर्ची सरकवली म्हणून वाचल्या.

“ती स्लाइड मी शेवटी घातली होती,” त्या म्हणाल्या. “गाइड सर म्हणाले तोंडी सांगू नका, बाहेर थांबलेल्या मुलांना ऐकू जाईल, लेखीच द्या. मुलं बाहेर येत होती आणि मी प्रत्येकाला विचारलं, शेवटचं वाचलं ना? सगळे हो म्हणाले.”

“आम्ही वाचलंच होतं की. शेवटचं आमच्यासाठी तेच होतं.”

मग त्यांनी माझा हात धरला.

“केतकी, ऐक. मी सांगणार आहे सगळ्यांना. नक्की सांगणार. पण सोमवारी, प्रयोग झाल्यावर. दोनच दिवस. आत्ता कळलं तर सोमवारी कुणी नीट उत्तरं देणार नाही. माझी तीन वर्षं आहेत गं यात.”

“तुमचा विषय काय आहे, मॅडम?”

त्यांनी ती स्लाइड बंद केली. मग हळूच म्हणाल्या, “खोटं होतं असं सांगितल्यावरसुद्धा मुलांच्या मनात ते किती दिवस राहतं.”

“पण सांगितलंच नाही ना. मग सोमवारचंही चुकीचंच येणार.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझं तोंड बंद ठेवायला हवं होतं असं वाटलं. त्यांचे डोळे भरले. “मला जरा विचार करू दे,” त्या म्हणाल्या. “तोपर्यंत कुणाला बोलू नको. प्लीज. देशील शब्द?”

मी मान हलवली. दिला शब्द.

घरी जाताना मी सायकल हातात धरून चालत गेले. तुम्हाला वाटेल मी प्रणोतीचाच विचार करत होते. खोटं कशाला बोलू? मी माझा विचार करत होते. ते चौऱ्याण्णव माझं नव्हतं. माझ्या आडनावाचं होतं. कुणी शेलार, शिरसट नावाची मुलगी आमच्या वर्गात असती तर मी बेचाळीस झाले असते, आणि त्या दिवशी प्रिंटरसाठी माझा हात वर गेला नसता. आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. मी गप्प बसले तर चौऱ्याण्णव माझंच राहणार होतं. मॅडमनीच गप्प बसायला सांगितलं होतं. किती सोयीचं!

आईनं विचारलं, “आज एवढी शांत? मशीन बिघडलं का?”

“नाही,” मी म्हणाले, “दुरुस्त झालं.”

शनिवारी सकाळची शाळा. सव्वासातला कवायत, नऊला मधली सुट्टी. सगळ्या तासांना मी प्रणोतीच्या दप्तराकडे बघत होते. वहीतून त्या अर्जाचा कोपरा बाहेर आलेला. इतिहासाच्या तासाला बाईंनी तिला उभं केलं. उत्तर तिला येत होतं, मला माहीत होतं, कारण तिनं ते माझ्या वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं. आणि उभी राहून ती म्हणाली, “येत नाही, बाई.”

सुट्टीची घंटा झाली. ती अर्ज घेऊन उठली. मी तिचं मनगट धरलं.

“लॅबमध्ये चल.”

“नंतर. ऑफिसात गर्दी होईल.”

“आत्ता चल. पाच मिनिटं. खरीखुरी पाच.”

लॅबमध्ये गेल्यावर मी कडी लावली आणि विचारलं, “जुलैत तुझ्या मशीनवर काय आलं होतं?”

“परत तेच काय काढलंस?”

“शंभरपैकी सत्त्याहत्तर मुलं तुझ्या पुढे. हो ना?”

तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिची डायरी सगळ्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली आहे. “तुला कुणी सांगितलं?”

“ते खोटं होतं, प्रणू. आधीच ठरवलेलं. सम नंबरला वाईट, विषमला चांगलं.”

ती हसली. वाईट हसली. “तुझं मन फार मोठं आहे हां. मला अर्ज देऊ द्यायचा नाही म्हणून काहीही रचशील. तू चौऱ्याण्णववाली, तुला बोलायला काय जातंय?”

“बस इथं.”

“केतकी, सोड.”

“बस म्हणते ना!” मी तिला सातपुढं बसवलं आणि नंबर टाकला, एक्केचाळीस. माझा. “आता डोळे मीट. मीट गं. आणि दाब काहीही.”

“काहीही म्हणजे?”

“म्हणजे तबला वाजव.”

तिनं डोळे मिटले. सुरुवातीला एकेका बोटानं, मग दोन्ही हातांनी दाबत गेली. थांबली. मी म्हणाले, उघड.

‘अभिनंदन!’

ती वाचत राहिली. मी तिला बाजूला सरकवलं, शेजारच्या मशीनवर बसले आणि टाकला बेचाळीस. तिचा. आणि तिच्यासमोर, एकेका चित्राला मोठ्यानं सांगत, सगळी बरोबर उत्तरं दिली. कंदील, पहिल्यांदा, लाल. घुबड, दुसऱ्यांदा, हिरवी. तीसच्या तीस. सत्त्याहत्तर मुलं पुढे.

प्रणोतीनं स्वतः सहा टाकून पाहिलं. मग अकरा. मग चोवीस. माझ्यापेक्षा पद्धतशीर. प्रत्येक वेळी आधी बोलायची, “आता वाईट येणार,” नाहीतर “आता चांगलं,” आणि तसंच यायचं. चौथा नंबर तिनं टाकलाच नाही.

“म्हणजे तुझंपण खोटं?” तिनं विचारलं.

“हो.”

“चौऱ्याण्णव पण?”

“चौऱ्याण्णव पण.”

“मग तू मला कशाला सांगितलंस?”

मी टिकलीचा कोपरा नखानं उचलत बसले. आणि ती एकदम उठली, खुर्ची मागं पडली, आणि ओरडली, “सात महिने! सात महिने मी रोज झोपताना मोजतेय, वर्गात माझ्या पुढे कोण कोण असणार! पप्पांना सांगितलं की मला जमत नाही. पप्पा काय म्हणाले माहितीये? म्हणाले, असू दे बेटा, मलापण जमत नव्हतं. पप्पांना असं बोलायला लावलं मी!”

दार वाजलं. मी कडी काढली. विभावरी मॅडम होत्या, हातात पिशवी, केस तसेच कालचे. त्यांनी दोन्ही पडदे बघितले, पडलेली खुर्ची बघितली. मी शब्द मोडला होता. मी खाली बघितलं.

प्रणोतीनं डोळे पुसले नाहीत. सरळ विचारलं, “मॅडम, मला जे आलं होतं ते खोटं होतं?”

सोमवार दोन दिवसांवर होता. मॅडम नुसतं ‘नाही’ म्हणाल्या असत्या तरी प्रणोतीनं त्यांचंच खरं मानलं असतं, माझं नाही.

“हो,” मॅडम म्हणाल्या. “खोटं होतं. आणि तुला तेव्हाच सांगायचं होतं. माझ्याकडून राहिलं.”

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. बत्तिसावी स्लाइड वहीच्या पानावर हातानं उतरवून घेतली आणि सुट्टी संपल्यावर आठवी अ मध्ये जाऊन वाचून दाखवली. मग ब मध्ये. ‘थांबा’ हा शब्दसुद्धा त्यांनी गाळला नाही. वर्गात आधी हशा झाला. मग कुणीतरी विचारलं, “म्हणजे मी ढ नाही?” आणि हशा थांबला. सोमवारचा प्रयोग झालाच नाही. त्यांचं पुढं काय झालं मला नक्की माहीत नाही. काळदाते सर म्हणतात, त्यांनी नवा विषय घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

प्रणोतीनं अर्ज दिला नाही. फाडलाही नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याच दिवशी बीजगणिताची उदाहरणं सोडवली. कागद कशाला वाया घालवायचा म्हणाली.

पण लॅबमधून निघताना तिनं मला एक विचारलं होतं. मॅडम पुढं गेल्या होत्या.

“केते, मशीनमध्ये आपले खरे मार्क असतील का गं? बरोबर किती, चूक किती?”

मी शब्द मोडला होता, चौऱ्याण्णव देऊन टाकलं होतं, आणि माझ्याकडे आता फक्त एवढंच उरलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “ते त्यात नसतं.”

दोन वर्षं झाली. आम्ही दहावीत आहोत, अजून एका बाकावर. प्रणोती सराव परीक्षेत शाळेत पहिली आली. तरी अजून कधी कधी, पेपर हातात आला की पहिल्या पानावर तिचं बोट थांबतं, आणि मला कळतं की तिच्या पुढे अजून कुणीतरी उभं आहे. खोटं होतं हे तिला माहीत आहे. डोळे मिटून बटणं दाबून तिनं स्वतः बघितलंय. मॅडमना ज्याचं उत्तर हवं होतं, ते माझ्या शेजारी बसतं.

म्हणून हे लिहितेय. शाळेच्या हस्तलिखित अंकात येईल, आणि अंकाचं मुद्रितशोधन प्रणोतीच करते. म्हणजे सगळ्यांच्या आधी तीच वाचणार.

प्रणू, शुद्धलेखन नंतर बघ. मशीनमधले खरे मार्क विचारले होतेस ना? ते त्यात असतं. मी त्या शुक्रवारीच बघितलं होतं. बेचाळीस नंबर, तीसपैकी सव्वीस बरोबर. त्या दिवशी सगळ्या आठवीत सगळ्यात जास्त, मी नंतर एकेक फाइल उघडून बघितलं. एक्केचाळीस नंबर, तीसपैकी चौदा. डोळे मिटून तू त्यापेक्षा जास्त आणले असतेस.

ते मला तेव्हा सांगवलं नाही. चौऱ्याण्णव गेल्यावर चौदा सांगायला जी हिंमत लागते ती माझ्यात त्या शनिवारी नव्हती. आज आहे, कुठून आली विचारू नको. कंपासपेटीत ९४ अजून आहे, कोरलेलं जात नाही. काल त्याच्याखाली मी करकटकानं १४ कोरलं. हात जराही हलला नाही.

आणि मशीन नंबर सात अजून चालू आहे. ते चौदावालीनंच दुरुस्त केलंय.